परतीचं तिकीट नसलेलं अपडेट

दिवाळीत सांगलीला गेलो की माझ्याकडे ठरलेली कामं असतात. आकाशकंदील टांगणे, माळ्यावरची मोठी पातेली खाली काढणे, आणि घरातल्या तमाम यंत्रांची 'सर्व्हिसिंग'. पुण्यात मी सॉफ्टवेअर इंजिनिअर असेन, सांगलीत मी वायरमन आहे. फी चिवड्याच्या स्वरूपात मिळते, त्यामुळे तक्रार नाही.

तर मागच्या दिवाळीत बाबांनी त्यांचा टॅबलेट पुढे केला. "हे वर लाल एक काय आलंय रे? महिनाभर जातच नाही."

बघितलं, तर ऑपरेटिंग सिस्टिमचं नवीन व्हर्जन आलेलं. साधंसुधं नाही, मोठं. मी म्हटलं, "अहो बाबा, अपडेट आहे. टाकून देतो, एकदम नवाकोरा होईल बघा." बटण दाबलं आणि फराळाला बसलो. पाऊण तासाने टॅबलेट नवीन रंगात, नवीन चिन्हांत हजर. बाबा म्हणाले, "चिन्हं का बदलली?" मी म्हटलं, "लूक बदललाय." दुसऱ्या दिवशी आम्ही पुण्याला परत.

बाबांचं वय ७४. आयुष्यभर एसटीच्या डेपोत मेकॅनिक, निवृत्त होताना हेड मेकॅनिक. हा टॅबलेट मीच पाच वर्षांपूर्वी घेऊन दिला होता. सकाळी पेपर, दुपारी अक्षर मोठं करून ज्ञानेश्वरीची पीडीएफ (मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून छापील पोथी वाचवत नाही), आणि रात्री आठला नातीशी व्हिडिओ कॉल. एवढाच वापर, पण रोजचा.

दिवाळीनंतर रात्री आठचे कॉल कमी झाले. आधी वाटलं, थंडी आहे, लवकर झोपत असतील. मग एक दिवस आईचा फोन, दबक्या आवाजात. "ह्यांच्या हाताला काहीतरी झालंय. बोटं कामच करत नाहीत म्हणतात. परवा डॉक्टरांना दाखवून आले." डॉक्टरांनी तपासलं, साखर बघितली, सगळं नॉर्मल. "वय झालं, दुसरं काय," असं म्हणून बाबांनी टॅबलेट कपाटात ठेवून दिला होता.

शनिवारी पहाटेच्या गाडीने सांगली गाठली. चहा झाल्यावर बाबांना म्हटलं, दाखवा बरं काय होतंय. त्यांनी ज्ञानेश्वरीच्या चिन्हावर बोट ठेवलं. काही नाही. परत ठेवलं. काही नाही. तिसऱ्यांदा जरा जोरात दाबलं, तेवढ्यात पहिल्या वेळचं दाबणं त्याच्या लक्षात आलं, फाइल उघडायला लागली, आणि दुसरं-तिसरं दाबणं आतल्या कुठल्यातरी बटणाला लागून भलतंच काहीतरी उघडलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. "बघ. असं होतं. हात थरथरतो बहुतेक."

टॅबलेट माझ्या हातात घेतला. मी दाबलं. काही नाही. म्हणजे माझीही बोटं बिघडली म्हणायची!

मोबाईलमधलं स्टॉपवॉच लावलं. ज्ञानेश्वरी उघडायला ३८ सेकंद. कीबोर्डवर अक्षर टाइप केलं की ते दोन सेकंदांनी उमटतं, त्यामुळे माणूस परत तेच दाबतो आणि 'नमस्ते'चं 'ननममस्स्ते' होतं. व्हिडिओ कॉल वाजायला लागल्यावर हिरवं बटण १० सेकंद दाद देत नाही. तोपर्यंत पुण्यात नात 'आजोबा उचलत नाहीत' म्हणून फोन ठेवते.

खरं सांगतो, टॅबलेट स्लो झाल्याचं मला काही वाटलं नाही. ते मला नवीन नाही. पण ज्या माणसाला नुसत्या आवाजावरून इंजिनातला बिघाड कळायचा, त्याला या यंत्राचा संशयही आला नाही. संशय स्वतःचा आला. स्वतःच्या हाताचा, वयाचा. आणि हे मी केलं होतं. चकली खात खात. एक बटण दाबून.

असो. आता तुम्ही म्हणाल, कंपन्या हे मुद्दाम करतात, नवीन घ्यायला लागावं म्हणून. हा संशय काही हवेतला नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने कबूल केलं की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनांचा कमाल वेग त्यांनी अपडेटमधून कमी केला होता. फोन अचानक बंद पडू नये म्हणून केलं, असं स्पष्टीकरण होतं, आणि तांत्रिकदृष्ट्या ते पटण्यासारखंही होतं. पण ग्राहकांना धड सांगितलं नव्हतं. मग जाहीर माफी, बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर, २०२० मध्ये फ्रान्समध्ये २.५ कोटी युरोंचा दंड, आणि त्याच वर्षी अमेरिकेत ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड.

तरीपण, या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर माझं मत सांगतो. बहुतेक वेळा कोणी खलनायक नसतो. जुन्या टॅबलेटची काळजी करणं हे कोणाचंच काम नसतं, एवढंच. आणि मला वाटतं हे जास्त वाईट आहे, कारण खलनायकाला निदान पकडता तरी येतं.

नेमकं होतं काय ते थोडक्यात सांगतो. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा, आणि स्टोरेज म्हणजे फडताळ. जे आत्ता शिजतंय ते ओट्यावर, बाकी फडताळात. नवीन ऑपरेटिंग सिस्टिम येताना स्वतःची चार भांडी जास्त घेऊन येते आणि ती कायम ओट्यावरच मांडते. ओटा तेवढाच. मग तुम्ही पेपर वाचता वाचता ज्ञानेश्वरीकडे गेलात की पेपरचं भांडं उचलून फडताळात टाकावं लागतं, आणि परत आलात की पुन्हा काढून मांडावं लागतं. आधी दोन्ही शेजारी शेजारी राहायची. म्हणून प्रत्येक ॲप 'पहिल्यापासून' उघडतंय असं वाटतं. तसंच होत असतं.

फडताळाची गोष्ट अजून मजेशीर. टॅबलेटमधल्या फ्लॅश मेमरीत लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही. आधी पुसावं लागतं, आणि पुसायचं ते एकेक ओळ नाही, अख्खा पानभर तुकडा. मोकळी जागा भरपूर असेल तर हे काम निवांत मागे चालतं. जागा भरत आली की 'आधी पूस, मग लिही' हे ऐन गर्दीच्या वेळी करावं लागतं, आणि तेवढा वेळ तुम्ही पडद्याकडे बघत बसता. नवीन व्हर्जन आकाराने मोठं, म्हणजे मोकळी जागा आणखी कमी. त्यात नवीन पारदर्शक पडदे, सावल्या, सरकती चित्रं, आणि दर महिन्याला फुगत जाणारी ॲप्स.

हे आजचं नाही. मार्च २०११ मध्ये आलेल्या आयपॅड २ मध्ये ५१२ एमबी रॅम होती. तो आयओएस ४.३ वर आला आणि त्याला शेवटपर्यंत म्हणजे ९व्या व्हर्जनपर्यंत अपडेट मिळाले. रॅम अर्थातच तेवढीच. हा आयपॅड मार्च २०१४ पर्यंत दुकानात नवीन म्हणून विकला जात होता. म्हणजे त्या महिन्यात ज्याने घेतला, त्याच्या हातात दीड वर्षात, सप्टेंबर २०१५ ला, आयओएस ९ आलं आणि कीबोर्ड उमटायची वाट बघणं आलं. अपडेट दिलं नाही तर म्हणतात वाऱ्यावर सोडलं, दिलं तर म्हणतात मारून टाकलं. कंपनीची ही अडचण खरी आहे, मी नाकारत नाही.

दुसरं उदाहरण २०१२च्या नेक्सस ७चं. १ जीबी रॅम, आणि त्या वेळी स्वस्तात मस्त म्हणून सगळ्यांनी डोक्यावर घेतलेला टॅबलेट. स्टोरेज भरलं की तो रखडायला लागायचा. जुलै २०१३ मध्ये अँड्रॉइड ४.३ आलं, त्यात रिकाम्या जागेची साफसफाई करायची सोय होती, आणि बरेच टॅबलेट पुन्हा पळायला लागले. म्हणजे अपडेटने यंत्र बरंही होतं! मग नोव्हेंबर २०१४ मध्ये अँड्रॉइड ५.० आलं, आणि त्याच टॅबलेटवाल्यांनी जगभर कपाळाला हात लावला. फरक इतकाच की गूगलने नेक्ससच्या जुन्या व्हर्जनच्या फाइली सगळ्यांसाठी ठेवल्या होत्या. ज्याला थोडंफार कळत होतं, तो रविवारी दुपारी बसून ४.४ वर परत गेला आणि सुखी झाला.

हा 'परत गेला' शब्द लक्षात ठेवा. माझा सगळा मुद्दा तिथेच आहे.

बाबांचा टॅबलेट मला परत नेता येईना. कंपनी जुन्या व्हर्जनला मान्यता देत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम बसवताना यंत्र तिच्यावरची डिजिटल सही तपासतं, आणि जुन्यावर कंपनीने सही करायची थांबवली की तुमच्याकडे फाइल असूनही उपयोग नाही. बाबांना हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे नवीन पार्ट बसला नाही, तर जुना परत बसवायचा नाही?"

नाही.

"का?"

याला खरं उत्तर आहे, आणि ते मी त्यांना दिलं. जुन्या व्हर्जनमधली भोकं एव्हाना चोरांना माहीत झालेली असतात. प्रत्येकाला हवं तेव्हा मागे जाऊ दिलं, तर उद्या चोरीचा टॅबलेट मागे नेऊन त्याचं कुलूप उघडतील. शिवाय आज माणसाचं बँक खातंही त्याच यंत्रात असतं. त्यामुळे सुरक्षेचं अपडेट टाळू नका, हे मी स्वतः दहा जणांना सांगतो आणि यापुढेही सांगणार.

पण सुरक्षा आणि नवीन लूक हे एकाच पुडीत बांधायलाच पाहिजेत असं कोणी सांगितलं? अमुक भोक बुजवायचं तर सावल्या आणि सरकती चित्रंही घ्याच! सुटं देता येतं, याचे पुरावे याच कंपन्यांनी दिलेत. जानेवारी २०२३ मध्ये ॲपलने आयओएस १२.५.७ काढलं, २०१३ सालच्या आयपॅड एअरसारख्या यंत्रांसाठी, फक्त सुरक्षेसाठी. २०२१ मध्ये आयओएस १५ आल्यावर १४वरच राहून नुसतं सुरक्षेचं घ्यायची मुभा होती. काही महिन्यांत ती काढून घेतली, पण देता आली होती ना? विंडोज १० मध्ये आवडलं नाही तर मागे जायचं बटणच होतं, आधी ३० दिवस आणि नंतर १० दिवसांची मुदत.

आणि कळस म्हणजे, २०१६च्या अँड्रॉइड ७ पासून एक अशी सोय आहे की सिस्टिमच्या दोन प्रती यंत्रात ठेवता येतात. नवीन प्रत सुरूच झाली नाही, तर यंत्र आपोआप जुनीवर परत येतं. किती छान! पण 'सुरूच झाली नाही' याची व्याख्या बघा. पडदा उजळला, चिन्हं दिसली, की मशीनच्या लेखी अपडेट यशस्वी. मग ज्ञानेश्वरी ३८ सेकंदांनी का उघडेना! म्हणजे परतीचा रस्ता आपण इंजिनिअर लोकांनी बांधलाय, तो रोज वापरात आहे. फक्त 'स्लो' हा बिघाड आहे असं आपण मानत नाही.

इटलीच्या स्पर्धा आयोगाने मात्र मानलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांनी ॲपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरोंचा दंड केला. कारण काय, तर जुन्या फोनवाल्यांना नव्या मॉडेलसाठी बेतलेलं अपडेट घ्यायला लावलं, त्याने फोन मंदावतील हे नीट सांगितलं नाही, आणि फोन पूर्ववत करायचा चांगला मार्गही दिला नाही. हा शेवटचा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. युरोपात २० जून २०२५ पासून फोन आणि टॅबलेटसाठी नवा नियम लागू झालाय. त्यानुसार मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान ५ वर्षं, जी अपडेट निघतील ती फुकट द्यायची. ठीक आहे, चांगलंच आहे. आपल्याकडेही डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं. पण रिपेअर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फुटलेली काच आणि फुगलेली बॅटरी येते. अपडेट उलटं फिरवणं हेही रिपेअरच आहे, हे अजून कोणाच्या डोक्यात शिरलेलं नाही.

मला मागायचंय ते फार नाही. एक, सुरक्षेचं वेगळं द्या. दोन, मोठं व्हर्जन टाकण्याआधी स्पष्ट सांगा की 'तुमच्या मॉडेलवर हे हळू चालेल'. तुम्हाला माहीत असतं. तीन, निदान महिनाभर परतीचं तिकीट द्या. बस्स.

आता जरा स्वतःकडे बघू. हे सगळं मी तावातावाने बाबांना सांगत होतो. त्यांनी शांतपणे विचारलं, "पण हे सोडायच्या आधी ट्रायल घेत नाहीत का?"

"घेतात ना."

"कुठल्या गाडीवर?"

मी गप्प. डेपोत ब्रेकचं काम झालं की ट्रायल त्याच गाडीवर व्हायची, तीच गाडी आवारातून फिरवून आणायची. शेजारी नवीन गाडी उभी आहे, तिचे ब्रेक चांगले लागतात, म्हणून ही पास, असं कोणी केलं असतं तर बाबांनी त्याला डेपोबाहेर काढला असता.

आणि आम्ही नेमकं तेच करतो. माझ्या टेबलावर जो टेस्टिंगचा फोन आहे तो सगळ्यात नवीन, सगळ्यात महाग, ऑफिसच्या वायफायवर. त्यावर आमचं ॲप लोण्यासारखं चालतं. गेल्या वर्षी एका सरकत्या मेनूवर आम्ही तीन आठवडे घातले होते. सांगलीच्या बोटांना तो कसा लागेल, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. मलाही नाही. निक्लाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच लिहून ठेवलंय की हार्डवेअर ज्या वेगाने पळायला लागतं, त्याहून जास्त वेगाने सॉफ्टवेअर मंदावतं. कॉलेजात आम्ही त्यावर हसलो होतो. मार्कही मिळाले होते :-)

पुण्याला आल्यावर एक जुना, १ जीबी रॅमचा सेकंडहँड टॅबलेट स्वतःच्या पैशाने घेतला आणि ऑफिसात टेबलावर ठेवला. आमचं ॲप त्यावर उघडलं. ११ सेकंद. टीममधली पोरं आधी हसली. मग एकाने विचारलं, "सर, असे फोन खरंच कोण वापरतं?" मी म्हटलं, "माझे वडील." मग कोणी हसलं नाही. दोन आठवड्यांत ते ५ सेकंदांवर आलं. काही जादू केली नाही, नको ती भांडी ओट्यावरून उचलली एवढंच.

तुमच्याही घरी असा टॅबलेट असेल, तर चार गोष्टी करून बघा. अपडेटनंतर पहिले एक-दोन दिवस वाट बघा, आत आवराआवर चालू असते, तेवढ्यात चार्जिंगला लावून ठेवा. स्टोरेजमध्ये बऱ्यापैकी जागा मोकळी करा, 'गुड मॉर्निंग'चे फोटो आणि व्हिडिओ आधी. सेटिंगमध्ये सरकती चित्रं आणि पारदर्शकता बंद करता येते, ती करा. तरी नाही जमलं, तर सगळा डेटा दुसरीकडे ठेवून फॅक्टरी रीसेट. बाबांच्या टॅबलेटवर हे चारही केले. ज्ञानेश्वरी ३८ वरून १४ सेकंदांवर आली. आधीच्या ५ वर गेली नाही, जाणारही नाही. आणि पाचवी गोष्ट, सगळ्यात महत्त्वाची. त्या माणसाला स्पष्ट सांगा की तुमच्या हाताला काही झालेलं नाही, हे यंत्राचं आहे.

नवीन घेऊन देतो म्हटलं, तर बाबा नको म्हणाले. "बंद कुठे पडलाय?" रात्री आठचे कॉल पुन्हा सुरू झालेत. आता नात फोन लावून अर्धा मिनिट वाट बघते, आजोबांचं बटण लागेपर्यंत.

परवा त्यांचा फोन आला. "अरे, ते लाल एक परत आलंय. दाबू का?"

इतकी वर्षं मी या प्रश्नाला डोळे झाकून 'दाबा' म्हणत आलोय. या वेळी म्हटलं, "थांबा बाबा. आत काय आहे ते आधी वाचतो, मग सांगतो."

"बरं. मग शनिवारीच ये. आणि येताना पुण्याहून खारी आण."